अल्कलाइन पाण्याचं मशीन: रील काय सांगते आणि ओट्यावर काय घडतं

निकाल आधीच सांगून टाकतो. अल्कलाइन वॉटर आयोनायझर, म्हणजे विजेच्या जोरावर नळाचं पाणी अल्कधर्मी करणारं मशीन, घेऊ नका. परदेशी बनावटीचं असेल तर त्याची किंमत दीड लाखापासून साडेतीन-चार लाखांपर्यंत जाते, देशी बनावटीचं पंचवीस हजारांपासून मिळतं. दोन्ही मशीनं पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) खरोखर वाढवतात. त्या वाढलेल्या पीएचमुळे मधुमेह, सांधेदुखी, किडनी, कॅन्सर यांत फरक पडतो असं रील्समध्ये सांगतात, त्याला मात्र आधार नाही. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, कारण खोका कुठलाही असला तरी आतली रचना जवळपास एकच असते आणि विकताना दाखवले जाणारे प्रयोग तर हुबेहूब तेच असतात.

आधी यंत्र. नळातून येणारं पाणी पहिल्यांदा गाळण फिल्टर आणि कार्बन फिल्टरमधून जातं. कार्बन क्लोरीन आणि वास काढतो. पुढे मुख्य कक्ष असतो. त्यात प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या टायटॅनियमच्या पाच ते आठ प्लेट्स उभ्या असतात आणि मध्ये पातळ पडदे. प्लेट्समधून डीसी करंट सोडला की ऋण बाजूला हायड्रोजन वायू सुटतो आणि पाणी अल्कधर्मी होतं, तर धन बाजूला ऑक्सिजन सुटतो आणि पाणी आम्लधर्मी होतं. दोन नळ्यांतून दोन पाणी बाहेर येतात. वरच्या नळीचं प्यायचं, खालच्या नळीचं सिंकमध्ये. एक लिटर अल्कलाइन पाणी भरताना पाव ते अर्धा लिटर, काही सेटिंगला त्याहून जास्त पाणी खालून वाहून जातं. टँकरवर असलेल्या सोसायटीत हा हिशेब आधी करावा.

इथपर्यंत सगळं शाळेतलं रसायनशास्त्र आहे, वादाचं काही नाही. वाद सुरू होतो तो पीएच या एका आकड्याला औषधाचा दर्जा दिल्यावर.

पीएच ९.५ च्या पाण्यात मोकळा हायड्रॉक्साइड, म्हणजे आम्ल शमवणारा घटक, किती असतो? लिटरमागे ०.०३२ मिलीमोल (मिलीमोल हे रसायनशास्त्रातलं मात्रेचं माप). जठरातल्या रसाचा पीएच साधारण १.५ ते ३.५. तो २ धरला तर त्याच्या एका लिटरमध्ये १० मिलीमोल आम्ल असतं. म्हणजे अख्खं लिटरभर मशीनचं पाणी आपल्या मोकळ्या हायड्रॉक्साइडच्या जोरावर जठररसाचे फक्त ३.२ मिलिलिटर शमवतं. चहाचा एक चमचा पाच मिलिलिटरचा असतो. आणि जठर दिवसाला दोन लिटरच्या आसपास रस तयार करतं.

पाण्याची आम्ल शमवण्याची खरी ताकद पीएचमध्ये नसते, ती त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटमध्ये असते. तिला अल्कलिनिटी म्हणतात आणि प्रयोगशाळेच्या अहवालात ती वेगळ्या रकान्यात येते. विकणारे हा शब्द कधीच उच्चारत नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, अल्कलिनिटीची स्वीकार्य मर्यादा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. एवढी अल्कलिनिटी असलेल्या साध्या, न मशीन लावलेल्या पाण्याचं एक लिटर ४ मिलीमोल आम्ल शमवतं. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात ती सहज याहून जास्त सापडते. मशीन त्या पाण्याचा पीएच ७.५ वरून ९.५ वर नेताना भर घालतं ती लिटरमागे जेमतेम एका मिलीमोलच्या आतबाहेर. अर्धा चमचा खायचा सोडा, म्हणजे २.३ ग्रॅमच्या आसपास, २७ मिलीमोल देतो. (सोडा प्या असं इथे कोणी म्हणत नाही. त्यात सहाशे मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं, रक्तदाबवाल्यांनी तर लांबच राहावं. तुलना फक्त मात्रेची आहे.)

हाच मुद्दा मूतखड्याच्या संदर्भात अमेरिकेत तपासला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांनी बाजारातली बाटलीबंद अल्कलाइन पाणी तपासली. पीएच दहाच्या जवळ, पण अल्कलीचं प्रमाण लिटरमागे ०.१ मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे ०.१ मिलीमोल आम्ल शमवेल एवढंच. यूरिक ॲसिडच्या खड्यासाठी डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात ते दिवसाला ३० ते ६० मिलीइक्विव्हॅलंटच्या घरात. एवढ्या अंतरात मशीनचं पाणी कुठे बसतं ते ज्याचं त्याने मोजावं.

आता डेमो. या धंद्याचा कणा तोच आहे आणि त्यातले बहुतेक प्रयोग खरे असतात. रंग खरंच बदलतो. खोटा असतो तो त्या रंगाचा लावलेला अर्थ. म्हणून प्रत्येक प्रयोगाशेजारी एक जादा ग्लास ठेवायला सांगा. विकणाऱ्याने नकार दिला तर उत्तर तिथेच मिळालं. आणि ज्या ग्लासात काही टाकलंय तो कोणी पिणार नाही याकडे लक्ष ठेवा, विशेषतः लहान मुलं आजूबाजूला असतील तर.

थेंबांचा प्रयोग सगळ्यात लाडका. घरच्या आरओच्या (पडद्यातून क्षार गाळणाऱ्या फिल्टरच्या) पाण्यात पीएचचे थेंब टाकले की पिवळसर रंग येतो, मशीनच्या पाण्यात निळा-जांभळा. मग वाक्य येतं: "बघा ताई, तुम्ही रोज ॲसिड पिताय." आरओचं पाणी पिवळं येतं कारण पडद्याने बायकार्बोनेट काढून टाकलेलं असतं, पण कार्बन डायऑक्साइड वायू पडद्यातून पार होतो आणि हवेतूनही विरघळतो. सावरायला क्षार नसले की किंचितशा कार्बोनिक आम्लानेही पीएच ६ च्या आसपास घसरतो. त्या पाण्यात आम्लाचं एकूण प्रमाण नगण्य असतं. पडताळा सोपा आहे. आरओच्या ग्लासात चिमटीच्या टोकाएवढा सोडा घाला, रंग निळ्याकडे जाईल. आता मशीनच्या निळ्या ग्लासात स्ट्रॉ घालून मिनिटभर फुंका. रंग हिरव्याकडे उतरतो. तुमच्या श्वासातल्या वायूने लाखांचा पीएच उतरवला. विकणाऱ्याकडचे थेंब नको असतील तर हळद चालते: हळदीचं पाणी पीएच साधारण साडेआठच्या पुढे लालसर होत जातं. हळदीला क्षार लावून कुंकू करतात ते याच रसायनावर.

दुसरा प्रयोग बेटाडिनसारख्या आयोडीनच्या औषधाचा. दोन ग्लासांत एकेक थेंब टाकतात, दोन्ही तांबूस होतात. मशीनचं ताजं पाणी ओतलं की रंग उडतो, आणि सांगितलं जातं की शरीरातली विषारी द्रव्यं अशीच धुऊन निघतात, कारण हे पाणी अँटिऑक्सिडंट आहे. अल्कधर्मी पाण्यात आयोडीनचं रूपांतर रंगहीन आयोडाइड-आयोडेटमध्ये होतं, म्हणून रंग जातो. तिसऱ्या ग्लासात थेंब टाकून चमचाभर लिंबाचा रस पिळा. रंग तितक्याच झटपट उडेल, क जीवनसत्त्वामुळे. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच, मशीनच्या पाण्याच्या अगदी उलट टोक. मग विष धुतलं ते अल्कलीने की आम्लाने, हे त्यांनाच विचारावं.

तेलाचा प्रयोग बघायला जोरदार असतो. पीएच ११.५ च्या पाण्यात तेल घालून बाटली हलवली की दुधाळ मिश्रण होतं, आणि "रक्तवाहिन्यांतली चरबी अशीच विरघळते" असं म्हणतात. एवढा पीएच आणायला अनेक मशीनांत मिठाचं वेगळं द्रावण घालावं लागतं आणि ते पाणी पिऊ नये असं त्यांच्याच पुस्तिकेत लिहिलेलं असतं. धुण्याच्या सोड्याचं पाणीही तेलाचं हेच करतं. भांडी घासायला उत्तम. रक्तवाहिनीपर्यंत ते पाणी त्या पीएचने पोचतच नाही, कारण वाटेत जठर आहे.

थंड पाण्यात ग्रीन टीची पिशवी बुडवून "बघा, पाण्याचे रेणू लहान झाले म्हणून अर्क लवकर उतरला" असंही दाखवतात. चहातल्या रंगद्रव्यांचा रंग अल्कलीत गडद होतो आणि लिंबाने फिका होतो, लेमन टी करणाऱ्याला हे रोज दिसतं. सहा-सहा रेणूंचे 'मायक्रोक्लस्टर' वगैरे बोलणं तर सोडून द्यावं. पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध सेकंदाच्या अब्जांशाच्याही हजाराव्या भागाच्या हिशेबात तुटतात आणि नव्याने जुळतात. नळातून ग्लासात पडेपर्यंत टिकेल असा पुंजका नसतो.

एक प्रयोग खरोखर धोक्याचा आहे. दोन धातूंच्या सळ्या असलेलं प्लगचं उपकरण नळाच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी तपकिरी, कधी काळपट-हिरवं होतं. तो गाळ पाण्यातला नसतो, सळीचं लोखंड विरघळून झालेला असतो. आरओच्या पाण्यात करंट वाहायला क्षारच नसतात म्हणून ते स्वच्छ राहतं. त्यात चिमूटभर मीठ पडलं तर तेही तसंच होईल. उपकरण थेट घरच्या २३० व्होल्टवर चालतं. ओल्या ओट्यावर कोणी लावायला निघालं तर प्लग काढायला सांगा.

राहिला ओआरपी मीटर, म्हणजे पाणी किती 'अँटिऑक्सिडंट' आहे ते मोजतो म्हणून दाखवला जाणारा मीटर. उणे ४०० किंवा उणे ६०० मिलीव्होल्ट असा आकडा दाखवतात. तो येतो मुख्यतः विरघळलेल्या हायड्रोजनमुळे. हायड्रोजन पाण्यात जास्तीत जास्त लिटरमागे १.६ मिलिग्रॅम मावतो आणि उघड्या भांड्यातून काही तासांत निघून जातो. सकाळी बाटली भरून दुपारी ऑफिसात पिणाऱ्यासाठी त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. पुढे पाचशे रुपयांपासून मिळणाऱ्या अल्कलाइन काड्या आणि मण्यांच्या बाटल्या येतात. त्यांत मॅग्नेशियमचे कण असतात आणि आतली क्रिया वेगळी असली तरी दावे तेच. स्वस्तातला चुना, एवढंच म्हणून पुढे जाऊ.

रील्समधलं मुख्य वाक्य असतं की चहा, साखर, मांसाहार आणि ताणामुळे आपलं रक्त आम्लधर्मी झालंय. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. तो पट्टा सोडून खाली गेलेला माणूस रील बघत बसत नाही, तो बहुधा रुग्णालयात असतो: मधुमेहातला कीटोॲसिडोसिस, किडनी बंद पडणं, गंभीर जंतुसंसर्ग. शरीरात रोज तयार होणारा कार्बन डायऑक्साइड १५,००० मिलीमोलच्या आसपास असतो, फुप्फुसं तो बाहेर टाकतात. आहारातून येणारं उरलेलं आम्ल दिवसाला वजनाच्या किलोमागे सुमारे एक मिलीइक्विव्हॅलंट, ते किडनी लघवीतून काढते. या यंत्रणेसमोर तीन लिटर मशीनच्या पाण्याची भर दोन-तीन मिलीमोलची. लघवीच्या पट्टीवर रंग बदलला म्हणून रक्त बदललं असं होत नाही. लघवीचा पीएच साडेचार ते आठपर्यंत हलतो, कारण रक्ताचा हलू नये म्हणून किडनी तिथे हिशेब जुळवत असते.

"अल्कलाइन शरीरात कॅन्सर जगूच शकत नाही, यासाठी ऑटो वॉरबर्गला नोबेल मिळालं," हे वाक्य व्हॉट्सॲपवर अजून फिरतं. वॉरबर्गला १९३१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या विकराचं स्वरूप आणि कार्य शोधल्याबद्दल. गाठीतल्या पेशी ग्लुकोज वेगळ्या पद्धतीने जाळतात हे त्याचं निरीक्षण महत्त्वाचं होतं, पण अल्कलाइन पाण्याचा त्यात संबंध नाही. गाठीच्या आसपासचा भाग आम्लधर्मी असतो तो गाठीनेच केलेला, म्हणजे कारण आणि परिणाम उलटे धरलेत. आणि प्रयोगशाळांमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवतात त्या द्रवाचा पीएच ७.४ ठेवतात, म्हणजे सौम्य अल्कधर्मीच. त्यात त्या व्यवस्थित वाढतात. २०१६ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये आहारातलं आम्ल, अल्कलाइन पाणी आणि कॅन्सर यांवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा आला. हजारो नोंदी चाळून निकषांत बसणारा अभ्यास एकच सापडला. तो आहारातल्या आम्लाचा आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचा होता आणि त्यात संबंध दिसला नाही. अल्कलाइन पाण्यावरचा एकही नाही. हे मत जगभर लोकप्रिय करणाऱ्यांतला अमेरिकेतला रॉबर्ट यंग याला कॅलिफोर्नियात २०१६ मध्ये ज्यूरीने परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल दोषी ठरवलं आणि २०१७ मध्ये शिक्षा झाली. त्याचे जुने व्हिडिओ मराठी आवाज चढवून आजही फिरतात, खाली नाव मात्र नसतं.

आधी-नंतरचे रिपोर्ट हा रील्सचा दुसरा खांब. ते वाचायची एक पद्धत आहे. एचबीए१सी हा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतो, कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. दोन तारखांमध्ये तीन आठवडेच असतील तर मोठी घसरण संशयास्पद समजा. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) कमी झालं असेल तर आधीच्या चाचणीच्या दिवशी माणूस पाण्याअभावी कोरडा होता का ते विचारा. कुठलंही पाणी पुरेसं प्यायलं की असा आकडा थोडा खाली येतो. लॅब एकच आहे का, एक रिपोर्ट उपाशीपोटीचा आणि दुसरा जेवणानंतरचा तर नाही ना, मधल्या काळात औषध बदललं का, वजन उतरलं का, हेही बघा. बहुतेक रील्समध्ये वरचा कोपरा, जिथे तारीख आणि लॅबचं नाव असतं, नेमका कापलेला असतो. मशीन आल्यापासून घरात कोल्ड्रिंक बंद झालेलं असतं, सकाळी फिरणं सुरू झालेलं असतं. आणि चार लाख मोजलेत म्हटल्यावर माणूस पाणीही मनापासून पितो. तो फायदा खराच आहे, फक्त माठातल्या पाण्यानेही तो होतो.

प्रमाणपत्रांची भिंत दाखवली जाते. आयएसओ ९००१ कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं आणि आयएसओ १३४८५ वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्याच्या गुणवत्ता व्यवस्थेबद्दल. दोन्ही 'हे पाणी आजार बरा करतं' असं म्हणत नाहीत. 'जपानच्या आरोग्य मंत्रालयाची मान्यता' हा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही. जपानमध्ये ही मशीनं घरगुती वैद्यकीय उपकरणांत मोडतात आणि त्यांना पोटाच्या किरकोळ तक्रारींत सुधारणा एवढाच दावा करायची मुभा आहे. पीएच १० आणि वरचं पाणी पिण्यास योग्य नाही, हेही तिथेच सांगितलंय. मधुमेह किंवा कॅन्सरचा उल्लेख नाही. भारतात येईपर्यंत त्या एका ओळीचा अख्खा अध्याय होतो.

बाजूने बोलायचं तर एवढं: प्रयोगशाळेत पीएच ८.८ च्या पाण्याने पेप्सिन हे पाचक विकर निष्क्रिय होतं असं २०१२ मध्ये दाखवलं गेलंय. घशापर्यंत येणाऱ्या आम्लाचा त्रास असणाऱ्यांसाठी ती रोचक गोष्ट आहे. पण तो प्रयोग परीक्षानळीतला होता, आणि त्यात वापरलेलं पाणी नैसर्गिकरीत्या अल्कधर्मी असलेल्या विहिरीचं बाटलीबंद होतं, मशीनचं नाही.

आता ओट्यावरची बाजू, जी डेमोत येत नाही. हे मशीन पाणी शुद्ध करत नाही. क्लोरीन, गढूळपणा, थोडा वास जातो. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक आणि विरघळलेले क्षार जवळपास तसेच राहतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरला फ्लोराइड आहे, त्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि पर्याय नसल्यास १.५. खतं जास्त पडणाऱ्या पट्ट्यात नायट्रेट, मर्यादा ४५ मिलिग्रॅम. तिथे हे मशीन लावून 'शुद्ध' पाणी प्यायल्याचं समाधान मिळणं हाच मोठा तोटा. शिवाय कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे फिल्टर जुना झाला किंवा नळीत पाणी साचून राहिलं तर जंतू वाढायला मोकळं रान.

मग विकणारा म्हणतो आधी आरओ लावा. तिथे दुसरी अडचण येते. आरओचं ३०-४० टीडीएसचं (टीडीएस म्हणजे विरघळलेले एकूण क्षार) पाणी वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे मशीनचा पीएच चढत नाही, स्क्रीनवरचा आकडा मात्र तोच दिसतो. तो आकडा बहुतेक मॉडेलमध्ये निवडलेल्या सेटिंगचा असतो, मोजलेला नसतो. उपाय म्हणून आरओनंतर मिनरल कार्ट्रिज बसवायला सांगतात. म्हणजे क्षार काढा, मग विकत घेऊन परत घाला, मग त्यातून वीज सोडा.

बोअरच्या जड पाण्यावर उलट होतं. अल्कधर्मी बाजूला कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर प्लेट्सवर आणि नळीत बसतो. लक्षणं ओळखीची आहेत: धार बारीक होते, पाण्यात पांढरे कण दिसतात, ग्लास ठेवला की तळाला भुकटी बसते, पीएच उतरतो. मशीन आपोआप ध्रुव उलटे करून थर सैल करतं, पण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तेवढ्याने भागत नाही. सायट्रिक ॲसिडचं द्रावण छोट्या पंपाने काही तास आतून फिरवावं लागतं, प्रमाण आणि वेळ पुस्तिकेप्रमाणे, नंतर भरपूर पाणी वाहू द्यायचं. अल्कलाइन मशीन जगवायला आम्ल लागतं. फिल्टर सहा महिने ते वर्षाने, हजारोंच्या खर्चाचा, आणि बऱ्याचदा त्याच कंपनीचा. विजेचा खर्च नगण्य.

कोणी हे पाणी टाळावं? किडनीचा आजार असलेल्यांनी आपल्या तज्ज्ञाला विचारल्याशिवाय अजिबात नको. तान्ह्या बाळाचं दूध यात कालवू नये. गोळ्या साध्या पाण्यानेच घ्याव्यात: थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी शोषली जायला जठरातलं आम्ल मदत करतं, तर आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्या कमी आम्लात लवकर फुटू शकतात. बहुतेक पुस्तिकांमध्ये बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं. सगळ्यात मोठा धोका पाण्याचा नाही, 'हे सुरू करा आणि इन्सुलिन हळूहळू बंद करा' या सल्ल्याचा आहे. तो सल्ला देणारा मशीनमागे कमिशन घेतो हे विसरू नका. परदेशी मशीनं बहुतांशी साखळी पद्धतीने विकली जातात, एका विक्रीवर वरच्या अनेक पायऱ्यांचा वाटा असतो, आणि म्हणून सांगणारा बहुधा आपलाच साडू, शाळेतला मित्र किंवा नात्यातला डॉक्टर असतो.

थेट विक्रीबाबतचे ग्राहक संरक्षण नियम डिसेंबर २०२१ पासून आहेत. विक्रेत्याने ओळखपत्र दाखवायचं, वेळ ठरवल्याशिवाय घरी यायचं नाही, परतीचे नियम आणि तक्रार अधिकारी कोण ते सांगायचं. पैसे देण्याआधी परतीची अट, 'वापरलेला माल परत नाही' यासारख्या तळटीपेसह, लेखी घ्या. मधुमेह, कॅन्सर असे आजार बरे करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरात मानक परिषदेने आरोग्याबद्दल सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरांना आपली पात्रता आणि आर्थिक संबंध उघड करायला सांगितलंय. रीलची लिंक, खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट जपून ठेवा, स्टोरी चोवीस तासांत गायब होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

तेच पैसे पाण्यावरच घालायचे असतील तर आधी पाण्याचा नमुना तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. टीडीएस, कठीणपणा, अल्कलिनिटी, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि कोलिफॉर्म जंतू एवढं मागा. रासायनिक चाचणीसाठी स्वच्छ बाटली चालते, जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच, आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा. महापालिकेचं पाणी, टीडीएस पाचशेच्या आत आणि बाकी आकडे मर्यादेत असतील तर दहा हजारांच्या आसपासचा यूव्ही-यूएफ (अतिनील दिवा आणि बारीक गाळणीचा) फिल्टर पुरतो. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर आरओ हवा. त्याच्या पाण्याचा पीएच ६ आला तरी घाबरू नका.

मशीन आधीच घरात आलं असेल तर फेकू नका. पिण्यासाठी 'न्यूट्रल' किंवा 'क्लीन' सेटिंग ठेवा, म्हणजे ते एक ठीकठाक कार्बन फिल्टर होतं. मिठाचं द्रावण घालून निघणारं पीएच अडीचच्या आसपासचं पाणी ओटा आणि कापायच्या पाट्या पुसायला चांगलं, कारण त्यात जंतू मारणारं हायपोक्लोरस आम्ल असतं. ते ताजं वापरावं, ब्लीच किंवा इतर क्लीनरमध्ये मिसळू नये आणि खिडकी उघडी ठेवावी. ११.५ वालं पाणी तेलकट भांड्यांना. पीएचचा आकडा खरा आहे का ते थेंबांनी महिन्यातून एकदा बघा. आणि चार-पाच दिवस घर बंद असेल तर परतल्यावर पहिली दोन मिनिटं पाणी वाहू द्या, मग ग्लास भरा.